उतरणीवरच्या आडव्या रेघा

४ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद नेहमीचेच, बातमी मात्र नवी आहे. तुझा मामा आता बसून काम करतो!

सव्वीस वर्षं या हाडांच्या दवाखान्याचं गवत मी यंत्र ढकलत, मागून चालत कापलं. आता दवाखान्यानं बसून चालवायचं यंत्र घेतलंय. चार चाकं, स्टिअरिंग, पोटाखाली पातं आणि वर ऐटबाज सीट. व्हरांड्यात पाय वर टांगून पडलेल्या पेशंट मंडळींनी त्याला पहिल्याच दिवशी ‘घोडं’ म्हणायला सुरुवात केली. मी आलो की ओरडतात, ‘आले, स्वार आले!’

तू फोन करत जा म्हणतेस. पण माझ्या कानांनी सव्वीस वर्षं इंजिन ऐकलंय, आता त्यांना दुसरं काही ऐकायचा कंटाळा येतो. पत्रच बरं. पत्रात तू मला मध्येच तोडू शकत नाहीस, हाही एक फायदा आहे.

आता खरी गोष्ट. दवाखान्याच्या कमिटीच्या डोक्यात गवताचं काम ठेकेदाराला द्यायचं आहे. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझी बाजू घेतली, म्हणून ठरलं असं की अठ्ठावीस तारखेला कमिटी येईल, मी या यंत्रावर सगळं आवार कापून दाखवायचं, आणि ठेकेदारही दाखवेल. जो बरा, त्याचं काम. माझी नोकरीची चार वर्षं राहिली आहेत गं. ती मला घरी बसून तुझ्या मामीच्या कपाटांची आवराआवर करण्यात घालवायची नाहीत.

वरची हिरवळ सपाट आहे, तिथं काळजी नाही. प्रश्न व्हरांड्यासमोरच्या उतरणीचा. तुला आठवत असेल, चांगली उभी आहे, आणि तळाशी दगडी कठडा, त्याखाली रस्ता. तिच्यावर मी आडव्या रेघा पाडतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक गडद, एक फिकी. खाटेवरून दिसतात. कंबरेच्या ऑपरेशनचे एक आजोबा तर रोज मोजायचे. कमिटीला त्याच रेघा दाखवणार आहे, घोड्यावर बसून. तू यंत्रं चालवायला शिकवतेस, तर काही बारीकसारीक सांगायचं असेल तर सांग. नसेल तर नुसतं कौतुक लिही.

तुझा मामा

ता.क. मी मामी. पाकीट चिकटवायला दिलं म्हणून लिहिते. ह्यांनी पहिल्या दिवशी ते घोडं वाळत घातलेल्या चादरींतून नेलं हे लिहिलेलं दिसत नाही. डोक्यावर चादर घेऊन बाहेर पडले. एका पेशंटला हसून हसून टाके दुखले.


९ एप्रिल

ती. मामा,

नमस्कार, आणि उत्तर द्यायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाचा, ही हात जोडून विनंती. कौतुक सगळ्यात शेवटी आहे, मुद्दामच.

उतरणीवर आडवं जायचं नाही. घोड्यावर बसून तर मुळीच नाही.

तुम्ही सव्वीस वर्षं आडवं गेलात ते बरोबरच होतं. यंत्र ढकलताना आडवंच जायचं असतं, म्हणजे पाय घसरला तरी यंत्र अंगावर येत नाही आणि आपण यंत्राखाली जात नाही. पण बसायच्या यंत्राचं गणित नेमकं उलटं आहे. ते लांबीला मोठं आणि रुंदीला कमी. आडवं नेलं की एका बाजूला कलंडतं, आणि तुम्ही त्याच्यावर असता. म्हणून ते सरळ वर आणि सरळ खाली चालवायचं. हळू, एकाच गतीनं. मध्ये थांबायचं नाही, मध्ये वळायचं नाही. वळायचं ते वर सपाटीवर. गवत ओलं असेल तर त्या दिवशी पेशंट मंडळींशी गप्पा मारायच्या. कठड्याजवळ तर जायचंच नाही.

आणि एक चाचणी सांगते. यंत्र उतरणीच्या पायथ्याशी उभं करा आणि रिव्हर्समध्ये वर चढवून बघा. नाही चढलं, चाकं फिरायला लागली, तर ती उतरण त्या यंत्राची नाही. मग तिथं हट्ट नाही, कमिटी असो नाहीतर आणखी कोणी.

मला माहीत आहे, तुमच्या इतक्या वर्षांच्या हाताला हे पटणार नाही. माझ्याकडे शिकायला येतात त्यांच्यात नवखे लगेच ऐकतात. ढकलयंत्रवाले जुने लोकच त्रास देतात.

कौतुक: सीटवर तुम्ही नक्कीच रुबाबदार दिसत असाल.

तुमची भिंगरी


१३ एप्रिल

मास्तरीणबाईंस,

तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं. कौतुक एका ओळीत उरकलंस, तेही सीटचं!

माझ्या पुढ्यात उभी राहून ढकलयंत्राचं हँडल ओढायची तू, आणि आता मला उतरण म्हणजे काय ते शिकवतेस. शिकव बाई. तुझ्या मानासाठी एक दिवस उभं कापून बघितलं. व्हरांड्यात नुसती बोंब! हाताच्या फ्रॅक्चरवाल्या बाई म्हणाल्या, पायजम्याचं कापड अंथरल्यासारखं दिसतंय. कंबरवाले आजोबा तपासणीसाठी आले होते, ते म्हणाले, ‘माळीबुवा, तब्येत बरी आहे ना?’ माझी मान खाली गेली.

तरी मी तुझं सगळं ऐकतोय, असं समज. कानाला ते मफ का काय ते लावतो. पँट बुटात खोचतो. सुरू करायच्या आधी गवतातले दगड वेचतो. परवा प्लास्टर कापायची कात्री सापडली. पात्याखाली गेली असती तर थेट ऑपरेशन थिएटरपर्यंत उडाली असती.

एक त्रास होता. उतरणीवर इंजिन मध्येच बंद पडायचं. अगदी ऐन रंगात आलं की बंद. पाच पाच वेळा. पण तोही मिटवला. आता लोण्यासारखं चालतं. सव्वीस वर्षं यंत्रांशी संसार केलाय, एवढं तर कळतंच.

कमिटीची काळजी करू नकोस.

तुझा मामा

(हे पत्र मी स्वतः चिकटवलं आहे.)


१७ एप्रिल

ती. मामा,

शाबास! खरंच शाबास, या खेपेला कौतुक सगळ्यात आधी.

सीटखाली एक बटण असतं. माणूस सीटवरून उठला किंवा फार झुकला की इंजिन आणि पातं आपोआप बंद होतं. तुम्ही आडवं जाताना तोल सावरायला वरच्या बाजूला झुकत असणार, म्हणून ते बंद पडायचं. आता लोण्यासारखं चालतंय म्हणजे तुम्ही उभं जायला लागलात आणि ताठ बसायला लागलात. मला वाटलं होतं, महिनाभर भांडावं लागेल.

जिवात जीव आला.

भिंगरी


२० एप्रिल

भिंगरी,

मी मामी लिहितेय. ह्यांना माहीत नाही. ते आवारात आहेत, आणि मी दळलेल्या मसाल्याच्या डब्याआड बसून लिहितेय, म्हणून कागदाला वास येईल.

तुझं शाबासकीचं पत्र ह्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना चेहरा मात्र चोरी पकडली गेल्यासारखा. मी दुसऱ्या दिवशी डबा द्यायच्या निमित्तानं गेले. बाई गं, हे आडवंच चालवतात! वरच्या बाजूला निम्मे बाहेर लटकून. खाली तो कठडा, आणि हे वरून मला हात करतात.

जेवायला उतरले तेव्हा मी सीट उचलून बघितली. ते तुझं बटण आहे ना, ते ह्यांनी ड्रेसिंगच्या खोलीतल्या चिकटपट्टीनं दाबून बांधून टाकलंय. आपण जखमेवर लावतो ना ती पांढरी पट्टी, चांगले सात-आठ वेढे. विचारलं तर म्हणाले, ‘ते बटण फार शंकेखोर आहे.’

मी बोलून थकले. म्हणतात, आडव्या रेघा दिसल्या नाहीत तर कमिटीला माझ्यात आणि ठेकेदारात फरक काय दिसणार? मी म्हटलं, फरक हा की ठेकेदार जिवंत असेल. कालपासून माझ्याशी बोलत नाहीयेत. तू काहीतरी लिही. नियम नको लिहूस. नियम ह्यांना तोंडपाठ आहेत.

तुझी मामी


२२ एप्रिल

ती. मामा,

तीन कागद फाडले. एकात तुम्हाला खूप बोलले होते. मामीवर चिडू नका, तिनं मला कळवलं ते बरंच केलं.

जानेवारीत माझा पाय मोडला तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं, जिन्यावरून घसरले. मामी आठवडाभर येऊन राहिली, माझे केस विंचरले, मला भरवलं, तिलाही तेच सांगितलं. ते खोटं होतं.

मी यंत्रावरून पडले. शिकवताना. बारा जण समोर बसलेले, आणि मी उतरणीवर सरळ वर चाललेली, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. एकानं खालून काहीतरी विचारलं. मी उत्तर द्यायला वळले, नुसती मान वळवायच्या ऐवजी हातही वळले. उतरणीच्या मध्यावर यंत्र आडवं झालं. वरच्या बाजूची दोन्ही चाकं उचलली गेली, आणि एवढा वेळ मिळाला मामा, की ‘अरे, हे तर मीच शिकवते’ असं मनात येऊन गेलं. मग ते माझ्यासकट कलंडलं.

माझा पाय पात्याच्या झाकणाखाली गेला. मी सीटवरून सुटले त्याच क्षणी त्या शंकेखोर बटणानं पातं बंद करायला घेतलं होतं. पातं लगेच थांबत नाही, पण मंदावलं. बुटाचं टोक कापलं गेलं. बोटं राहिली. नडगीचं हाड मोडलं, ते जुळलं. ते बटण चिकटपट्टीनं बांधलेलं असतं तर आज मी तुम्हाला हे पत्र कोणत्या अवस्थेत लिहिलं असतं, ते तुम्हीच ठरवा. तुम्ही हाडांच्या दवाखान्यात आहात, रोज बघता.

तेव्हापासून मी यंत्रावर बसलेले नाही. फळ्यावर आकृत्या काढून शिकवते. सगळ्यांना वाटतं, पाय अजून दुखतो म्हणून. पाय कधीच बरा झाला. मला लाज वाटते, आणि भीतीही. संस्थेच्या कागदावरही ‘यंत्रातील बिघाड’ असं लिहिलंय. बिघाड काही नव्हता.

तुमचं काम गेलं तर मला वाईट वाटेल. खूप वाटेल. तुमची ती उतरण मलाही आवडते. पण मला मामा हवा आहे. पट्टी काढा.

हे कुणाला सांगू नका.

भिंगरी


२९ एप्रिल

चि. भिंगरी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. गेलो, पण यंत्राला हात लावला नाही. नळी घेऊन कुंड्यांना पाणी घालत बसलो. एका कुंडीत इतकं घातलं की ती वाहायला लागली. रात्री पत्र मामीला दाखवलं. आठवडाभर तुला भरवत बसलेली ती म्हणाली, ‘मला वाटलंच होतं. जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या केसांत गवत कुठून येतं?’ पण तिनं विचारलं नाही. तू सांगशील म्हणून वाट बघत होती.

आता कालचं ऐक, सगळं क्रमानं सांगतो.

सकाळी कमिटीचे चौघे, डॉक्टरीणबाई, आणि ठेकेदार त्याचं स्वतःचं भलंमोठं यंत्र घेऊन हजर. व्हरांड्यात खाटा पुढे ओढलेल्या, जत्रेसारखी गर्दी. मी आधी सीट उचलली आणि सगळ्यांसमोर ती पट्टी सोडवली. आठ वेढे. चिकटपट्टी चांगल्या प्रतीची आहे दवाखान्याची, सुटता सुटेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, बाई, हा माझा मूर्खपणा, आणि ही पट्टी तुमची.

वरची हिरवळ कापली. उतरणीचा वरचा, सौम्य भाग कापला, उभा, सरळ वर, सरळ खाली. ‘पायजमा! पायजमा!’ असा व्हरांड्यातून आवाज आला. मग खालचा उभा भाग जिथं सुरू होतो, तिथल्या छोट्या सपाटीवर आलो आणि इंजिन बंद करून उतरलो. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, ‘का हो, थांबलात का?’ मी म्हटलं, खालचा भाग या यंत्रावर बसून होणार नाही. चार दिवसांपूर्वी पायथ्याशी रिव्हर्समध्ये चढवून बघितलं, चाकं जागच्या जागी फिरतात. ते म्हणाले, ‘घाबरलात?’

भिंगरी, एरवी मी त्यांना असं काही सुनावलं असतं! पण मी म्हटलं, हो. घाबरलो. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, माझी भाची हे काम शिकवते. तिच्यासारखी शिकवणारी पंचक्रोशीत नाही. तीसुद्धा उलटली, तिचा पाय मोडला, आणि हे बटण नसतं तर पाय राहिला नसता. सगळं सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, माझ्या लक्षात होतं, तरी सांगितलं.

ठेकेदार हसला. म्हणाला, ‘आमच्याकडे असले लाड नाहीत, मी आडवं, उभं, तिरकं, कसंही कापून देतो.’ आणि चढायला लागला. तेवढ्यात आपल्या डॉक्टरीणबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, ‘जरा सीट उचला.’ उचलली. त्याच्या बटणावर तार गुंडाळलेली! त्याची माणसं दगड वेचायला मधूनमधून उतरतात, इंजिन बंद पडू नये म्हणून ही युक्ती. बाईंनी त्या तारेकडे बघितलं, माझ्या हातातल्या पट्टीच्या गोळ्याकडे बघितलं, आणि अध्यक्षांना म्हणाल्या, ‘माझ्याकडे खाटा आधीच भरलेल्या आहेत.’ ठेकेदाराचं तोंड बघण्यासारखं झालं.

तर काम माझं राहिलं. खालचा भाग मी जुन्या ढकलयंत्रानं, मागून चालत, आडवाच कापणार. कठड्याजवळचं तसंच वाढू द्यायचं ठरलं. त्या भागाला मला आता दोन दिवस जास्त लागतील आणि गुडघे कुरकुरतील, पण गुडघ्यांचे डॉक्टर जवळच आहेत.

संध्याकाळी मला मेमो मिळाला. सव्वीस वर्षांतला पहिला. ‘ड्रेसिंगच्या खोलीतील चिकटपट्टी विनापरवानगी वापरल्याबद्दल.’ खाली डॉक्टरीणबाईंची सही. तुझी मामी म्हणते, फ्रेम करून लावूया.

तुझं गुपित मी फोडलं. रागाव. पण मी ते लाजेनं सांगितलं नाही गं, अभिमानानं सांगितलं.

तुझा मामा


७ मे

ती. मामा,

एक दिवस मी तुमच्यावर खूप रागावले. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. तिसऱ्या दिवशी वर्ग होता.

नव्या तुकडीत अकरा जण आहेत. मी फळ्यावर उतरणीची आकृती काढली, खडू खाली ठेवला आणि म्हणाले, मी इथं उलटले होते. सगळं सांगितलं. बिघाड नव्हता, मी वळले, हेही. कुणी हसलं नाही. मग मागच्या बाकावरच्या एक बाई, वीस वर्षं बागकाम करणाऱ्या, त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, ‘मीपण. घरी सांगितलं होतं की बैलानं ढकललं.’ मग आणखी एक हात. मग आणखी दोन. अकरांत चौघं, मामा! कुणीच कुठं लिहून दिलेलं नाही.

मग एकानं विचारलं, बाई, त्यानंतर तुम्ही परत कधी बसलात? मी म्हटलं, अजून नाही.

कागद मी बदलायला दिला आहे. ‘यंत्रातील बिघाड’ खोडून ‘शिकवणारीची चूक’. आणि येत्या रविवारी मैदान रिकामं असतं. मी बसणार आहे. एकदाच वर जाणार आणि एकदाच खाली येणार. तुम्ही याल का? एकटीनं करायची हिंमत नाही.

भिंगरी


१० मे

भिंगरे,

येतो. मामीही येते आहे, तिनं कालच पिशवी भरून ठेवली.

मी उतरणीच्या बाजूला उभा राहीन. खाली नाही, खाली उभं राहू नये एवढं आता कळतं. आणि तू वर पोचेपर्यंत तोंडातून एक शब्द काढणार नाही. तुला माहीत आहे, आजवर मी कुणासाठी असं केलेलं नाही.

तुझा मामा